सोलापुरात कौटुंबिक न्यायालयाची नक्कल काढायची म्हणजे

नक्कल म्हणजे न्यायालयातल्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत. तिचा अर्ज एका पानाचा असतो. तो भरायला पाच मिनिटं लागतात आणि चुकीचा भरला तर पाच हेलपाटे. बहुतेक हेलपाट्यांचं कारण एकच: माणूस प्रकरणाचा नंबर आणि हव्या त्या कागदाची निशाणी (फाइलमध्ये त्या कागदाला पडलेला क्रमांक) न घेता खिडकीवर येतो आणि म्हणतो, "माझ्या घटस्फोटाचे पेपर पाहिजेत." नक्कल विभागातल्या कारकुनाला नावावरून फाइल शोधून देणं शक्य नसतं. त्याच्यासाठी तुमची ओळख म्हणजे प्रकार, क्रमांक आणि वर्ष. म्हणून आधीची तयारी इथे जरा सविस्तर सांगतो, अर्ज शेवटी आपसूक होतो.

पहिला प्रश्न: प्रकरण नेमकं कुठल्या न्यायालयात चाललं? "फॅमिली कोर्ट" हा शब्द बोलण्यात सरसकट वापरला जातो, पण सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयाची हद्द म्हणजे अख्खा जिल्हा नव्हे. बार्शी किंवा पंढरपूर भागातली घटस्फोटाची याचिका तिथल्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात चाललेली असू शकते, आणि तिची नक्कल तिथेच मिळते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज आणि सासरच्या छळाचा, म्हणजे पूर्वीच्या ४९८-अ चा, खटला हे सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे असतात. एकाच नवरा-बायकोच्या भांडणातून तीन न्यायालयांत चार फाइली तयार झालेल्या असतात, आणि घरात सगळ्यांना मिळून "ती केस" म्हणतात. कुठल्या फाइलमधला कुठला कागद हवा आहे, हे आधी घरी बसून ठरवा.

जुन्या नोटिशीचं किंवा समन्सचं पहिलं पान सापडलं तर अर्धं काम झालं. वरती न्यायालयाचं नाव असतं, खाली प्रकरणाचा प्रकार. 'हिं. वि. या.' किंवा इंग्रजीत 'एच.एम.पी.' असेल तर ती दिवाणी न्यायालयातली हिंदू विवाह याचिका. कौटुंबिक न्यायालयात याचिकांना अक्षरं असतात: 'पी.ए.' म्हणजे घटस्फोट, नांदायला येणं वगैरे वैवाहिक मागण्या, 'पी.डी.' म्हणजे मुलांचा ताबा आणि पालकत्व, 'पी.ई.' म्हणजे फौजदारी प्रक्रियेतली पोटगी, 'पी.एफ.' म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. पोटगीच्या वसुलीची दरखास्त आणि किरकोळ अर्ज यांना स्वतंत्र नंबर पडतात. मूळ याचिकेच्या नंबरावर दरखास्तीतला हुकूम मागितला तर तो मिळणार नाही, कारण तो त्या फाइलमध्ये नसतोच.

जुन्या प्रकरणात आणखी एक खाच आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. ज्या भागासाठी असं न्यायालय स्थापन होतं, त्या भागातली प्रलंबित प्रकरणं कलम ८ प्रमाणे दिवाणी न्यायालयाकडून तिकडे वर्ग होतात. वर्ग होताना त्यांना नवा नंबर पडतो. त्यामुळे हातातल्या नोटिशीवर वरिष्ठ स्तराचा एच.एम.पी. नंबर असतो आणि निकाल मात्र पी.ए. नंबराने लागलेला असतो. जुना नंबर घेऊन दिवाणी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात गेलात तर "इथून वर्ग झालं" एवढंच उत्तर मिळेल. तेव्हा वर्ग झाल्याची तारीख आणि नवा नंबर तिथल्याच नोंदवहीतून लिहून घ्या. रिकाम्या हाताने परत येऊ नका.

नंबर अजिबात माहीत नसेल तर ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप. इथे लोक हमखास अडखळतात. राज्य महाराष्ट्र, जिल्हा सोलापूर असं निवडलं की जिल्ह्यातली नेहमीची न्यायालयं दिसतात, पण कौटुंबिक न्यायालय दिसेलच असं नाही. मग जिल्ह्यांच्याच यादीत 'महाराष्ट्र–फॅमिली कोर्ट्स' असा वेगळा पर्याय शोधा आणि त्यात सोलापूर निवडा. पक्षकाराच्या नावाने शोधताना वर्ष भरावं लागतं, आणि 'प्रलंबित' व 'निकाली' यांतलं बरोबर बटण निवडावं लागतं. घटस्फोट झाला असेल तर तो 'निकाली'त सापडणार, आणि वर्ष टाकायचं ते दाखल झाल्याचं. निकालाचं वर्ष टाकलं की "नोंद आढळली नाही" येतं आणि माणूस समजतो की फाइल गहाळ झाली.

नावाच्या स्पेलिंगचा घोळ सोलापुरात इतर ठिकाणांपेक्षा जास्त. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी चारी भाषांची नावं, आणि वकिलाच्या टंकलेखकाने ती जशी ऐकली तशी इंग्रजीत उतरवलेली. 'येमूल' हे नाव 'वाय'ने सुरू होतं की 'ई'ने? 'मल्लिकार्जुन'मध्ये 'एल' एक की दोन? 'शेख' कुठे आधी लावलाय, कुठे नंतर. पूर्ण नाव टाकण्याऐवजी मधली तीन-चार अक्षरं टाका, आणि नवऱ्याच्या नावाने नाही सापडलं तर बायकोच्या माहेरच्या नावाने शोधा. तिने याचिका कुठल्या नावाने केली होती त्यावर सगळं अवलंबून असतं.

सापडलं की सगळ्यात आधी सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून घ्या. हा सोळा अक्षरांचा असतो: आधी राज्य आणि आस्थापनेची चार इंग्रजी अक्षरं, मग बारा आकडे, त्यातले शेवटचे चार वर्षाचे. त्याच पानावर 'दाखल क्रमांक' आणि 'नोंदणी क्रमांक' असे दोन वेगळे नंबर दिसतात. नक्कल अर्जात नोंदणी क्रमांक लिहायचा. दाखल क्रमांक लिहिलेले अर्ज दुसऱ्याच कुणाच्या फाइलला जाऊन धडकतात.

ऑनलाइन दिसतो तो हुकूम छापून चालेल का, असं हमखास विचारलं जातं. चालत नाही. संकेतस्थळावरची प्रत माहितीपुरती असते, आणि वैवाहिक प्रकरणांत तर मजकूर सहसा उघड ठेवलेलाच नसतो. पासपोर्ट, पुनर्विवाहाची नोंदणी, पेन्शन, परदेशी व्हिसा, यांतल्या कुणालाही सही-शिक्क्याची खरी नक्कल लागते. पूर्वी ती पुरावा कायद्याच्या कलम ७६ खाली मिळायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७५ लागू आहे. माहिती अधिकारात अर्ज टाकून ती निघत नाही. न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांतून नक्कल मिळण्याची सोय असताना माहिती अधिकाराचा मार्ग घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या अर्जाचे तीस दिवस फुकट जातात.

आता काय मागायचं. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणं असतात, हुकूमनाम्यात फक्त परिणाम: विवाह अमुक तारखेपासून विसर्जित, पोटगी एवढी, मुलाचा ताबा अमक्याकडे. बाहेरच्या कचेऱ्या बहुतेक हुकूमनामा मागतात, वकील अपिलासाठी निकालपत्र मागतो. दोन्ही मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नियम ६-अ प्रमाणे हुकूमनामा निकालानंतर पंधरा दिवसांत तयार व्हायला हवा. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी गेलात तर निकालपत्र मिळू शकेल, हुकूमनामा नसेल.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात तिसरा कागद लागतो आणि तोच विसरला जातो. हुकूमनाम्यात लिहिलेलं असतं, "निशाणी अमुकवरील तडजोडीच्या अटींप्रमाणे." रक्कम किती, फ्लॅट कुणाचा, दागिने परत केले की नाही, मुलगा सुट्टीत कुणाकडे, हे सगळं त्या निशाणीत. ती न घेता नुसता हुकूमनामा घेतला तर बँकेत किंवा दुय्यम निबंधकाकडे त्याचा काही उपयोग होत नाही. अटी मूळ याचिकेतच लिहिलेल्या असतील तर याचिकेची नक्कल घ्या. त्या वेगळ्या पुरसीसमध्ये (पक्षकारांनी न्यायालयाला दिलेल्या लेखी निवेदनात) असतील तर त्या पुरसीसचा निशाणी क्रमांक द्या. कुठे आहेत हे कळत नसेल तर आधी रोजनाम्याची नक्कल मागा. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय दाखल झालं आणि कुठल्या निशाणीला लागलं याची ओळ असते. पाचपन्नास पानांची फाइल चाचपडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

"सर्व कागदपत्रांची नक्कल द्यावी" असं लिहू नका. त्यात वकीलपत्रं, मुदतीचे अर्ज, समन्सचे अहवाल असं सगळं येतं, पानं शंभरच्या वर जातात, खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. अर्ज असा हवा: न्यायालयाचं नाव, प्रकार-क्रमांक-वर्ष, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख, तुम्ही अर्जदार की सामनेवाले, मग कागदांची यादी निशाणीसह आणि तारखेसह, प्रत्येकाच्या किती प्रती, साधी की तातडीची, मोबाइल नंबर, सही. त्यावर कोर्ट फीचं तिकीट लावायचं, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची. वकील लागत नाही, पक्षकार स्वतः अर्ज करू शकतो. पुण्या-हैदराबादला नोकरीला असलेल्यांनी भावाला किंवा वडिलांना पाठवायचं असेल तर सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं द्या. परदेशात असाल तर मुखत्यारपत्रच बरं. निकालानंतर वकील बदलला असेल तर नव्या वकिलाला वकीलपत्र दाखल करावं लागतं, तोवर त्याच्या सहीचा अर्ज घेतला जात नाही.

अर्ज दिला की पानं मोजली जातात आणि नक्कल खर्चाची अनामत भरायला सांगतात. नकलेचे दर नक्कल विभागाच्या फलकावर लावलेले असतात. बहुतेक अर्ज इथेच अडतात. माणूस अर्ज देऊन गावी जातो, पानं जास्त निघतात, अनामत कमी पडते आणि अर्ज तसाच पडून राहतो. तीन आठवड्यांनी येऊन "अजून झालं नाही?" असं विचारण्यात अर्थ नाही. अर्जाचा नक्कल क्रमांक घ्या, तीन-चार दिवसांनी विचारणा करा आणि कमी पडलेले पैसे लगेच भरा. तयार होऊनही कुणी न्यायला आलं नाही तर नकला कायमच्या जपून ठेवल्या जात नाहीत.

काही नकला कायद्यानेच फुकट आहेत आणि हे पक्षकारांना कुणी आपणहून सांगत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची असते, आणि विशेष विवाह कायद्यातही तशीच तरतूद आहे. पोटगीच्या हुकुमाची प्रत, ज्याच्या बाजूने तो झाला त्याला विनाशुल्क मिळते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२८ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ मध्ये. कौटुंबिक हिंसाचाराच्या हुकुमाचंही तेच. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर निवाड्याची प्रतही मोफत. तिथे मात्र "हुकूमनामा" शोधत बसू नका. लोकअदालतीचा निवाडा हाच दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. फुकट प्रत पहिली, एकदाच. पुढच्या प्रतींना पैसे पडतात. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. मदतवाहिनीचा क्रमांक १५१००.

तारखांचा हिशेब हा या सगळ्यातला सर्वांत महाग विषय. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील करायला कायद्यात ३० दिवस लिहिलेत. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना ९० दिवस धरावेत असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं आहे, पण शहाण्याने ३० दिवसच डोक्यात ठेवावेत. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. मुदत कायद्याच्या कलम १२ मुळे नक्कल मिळायला लागलेला वेळ या मुदतीतून वगळला जातो, पण कुठला वेळ? समजा निकाल ३ मार्चला लागला, अर्ज १० मार्चला दिला, नक्कल २८ मार्चला तयार झाली आणि तुम्ही ती २० एप्रिलला नेली. वगळले जातील ते १० ते २८ मार्च हे १९ दिवस. ३० दिवसांची मुदत २ एप्रिलला संपणार होती, ती २१ एप्रिलपर्यंत गेली, म्हणजे नक्कल हातात आली तेव्हा एकच दिवस उरला. अर्ज करण्याआधीचे दिवसही तुमच्याच खात्यात. म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज टाका. नकलेच्या मागच्या शिक्क्यात अर्जाची, अनामतीची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. ती तिथल्या तिथे वाचून घ्या, कारण अपिलात हाच शिक्का पुरावा. आणि हो, सोलापूरचं अपील आता मुंबईला न्यावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे सोलापूर जिल्हा आहे.

पोटगी थकली असेल तर घाई वेगळ्या कारणासाठी. फौजदारी प्रक्रियेतल्या पोटगीची थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. हुकुमाची नक्कल नाही म्हणून सहा महिने थांबलेल्या बाईचे त्यातले बरेच हप्ते या अटीत अडकू शकतात.

आता नाजूक भाग. पक्षकार नसलेल्या माणसाला नक्कल मिळते का? कौटुंबिक न्यायालयाचं कामकाज बंद दाराआड चालवता येतं, आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ अशा कामकाजाचा मजकूर छापायला किंवा प्रसिद्ध करायला मनाई करतं. त्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तिऱ्हाइताने अर्ज केला तर कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र लागतं आणि परवानगी न्यायाधीशांच्या हातात. पक्षकार वारला असेल तर मुलांना मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडून मागता येतं, कारण तिथे हितसंबंध सरळ दिसतो. पण स्थळ बघताना "मुलाचा पहिला घटस्फोट का झाला ते बघायचंय" हे कारण टिकणार नाही, आणि टिकूही नये. ज्याचा घटस्फोट झालाय त्याच्याकडेच हुकूमनामा मागा. दाखवायला तो का-कू करत असेल तर तेवढं उत्तर पुरे आहे. विवाह समुपदेशकाच्या टिपणांची नक्कल मात्र पक्षकारालाही मिळत नाही, ती गोपनीय असतात.

कधीकधी फाइल सापडत नाही आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. अपील झालं असेल तर मूळ रेकॉर्ड उच्च न्यायालयाने मागवून घेतलेलं असतं. रोजनाम्यात किंवा नोंदवहीत पाठवल्याची तारीख सापडते. फार जुन्या प्रकरणात नियमाप्रमाणे किरकोळ कागद नष्ट केलेले असतात, निकालपत्र आणि हुकूमनामा त्या मानाने जास्त काळ ठेवतात. आणि काही वेळा फाइल कधी नव्हतीच. पंचांसमोर शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलेली फारकत नोटरीकडे सापडेल, न्यायालयात नाही. विजयपूर, कलबुर्गीकडच्या सोयरिकीत याचिका कर्नाटकात दाखल झालेली असते. तिथे वैवाहिक प्रकरणाला 'एम.सी.' म्हणतात आणि शोध त्या राज्याच्या यादीत घ्यावा लागतो. विवाह नोंदणीचा दाखला हवा असेल तर न्यायालय सोडा आणि महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, जिथे नोंद केली तिथे जा.

नक्कल हातात आली की खिडकीपासून हलायच्या आधी तपासा. पानांचे क्रमांक सलग आहेत का, प्रत्येक पानावर शिक्का आहे का, शेवटी 'खरी नक्कल' आणि सही आहे का. झेरॉक्समध्ये एखादं पान पुसट आलेलं असतं किंवा पाठची बाजू राहिलेली असते. ते तिथेच बदलून मिळतं. मूळ हुकूमनाम्यातच नाव किंवा तारीख चुकली असेल तर नक्कल विभाग काही करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली न्यायाधीशांकडे दुरुस्तीचा अर्ज लागतो. पासपोर्टवरच्या आणि हुकूमनाम्यातल्या नावात एका अक्षराचा फरक असेल तर ही दुरुस्ती आताच करून घ्या. परदेशात वापरायची प्रत असेल तर तिला परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात मानला जावा म्हणून लावलेलं प्रमाणपत्र) लागेल आणि मजकूर मराठीत असेल तर भाषांतरही, म्हणून तशी एक प्रत जास्तीची काढा. एकूण तीन प्रती पुरतात. लॅमिनेशन करू नका, मागचा शिक्का झाकला जातो.

वेळ निवडताना मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी धरा. त्या काळात कामकाज अपुऱ्या माणसांवर चालतं. पंढरपूरच्या न्यायालयातलं काम असेल तर आषाढीचा आठवडा टाळा, गाडी शहरात शिरणंच मुश्कील.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. याचिकेसोबत दिलेले मूळ कागद, म्हणजे विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या, हे फाइलमध्येच राहिलेले असतात. अपिलाची मुदत संपली आणि अपील झालं नसेल तर आदेश १३ नियम ९ खाली अर्ज देऊन ते परत घेता येतात. नकलेसाठी काढलेली फाइल वर आहे तोवरच हा अर्ज टाका, म्हणजे ती पुन्हा शोधायला लावावी लागत नाही.